अम्माच्या नावाचा उमरा

चाकणच्या कांदा मार्केटात माल घेऊन येणाऱ्या ट्रकची कमान तुटली, की ड्रायव्हर लोक इकबाल मुलाणीचं नाव काढत. कमान म्हणजे चाकावर बसवलेला लोखंडी पट्ट्यांचा जुडगा. गाडीतलं सगळं ओझं तीच पेलते. महामार्गाला लागून इकबालचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि उभी हयात त्याने तिथे या कमानी बसवल्या होत्या. हाताला चांगला, स्वभावाला त्याहून चांगला. एकच खोड होती. कुणाला 'नाही' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. "आज गाडी मिळंल का, राव?" असं कुणी विचारलं की तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावावा.

त्याची बायको साबिया म्हणायची, "तुमचं हसणं म्हणजे कोरा कागद. जो येतो तो हवं ते लिहून जातो."

साबिया चिंचवडच्या घरी कपडे शिवायची. पाय मशीनवर आणि समोर फोन टेकवलेला, त्यात डोंगर. मुलगी जास्मिन लग्न होऊन बंगळूरला गेल्यापासून हे डोंगरांचं वेड वाढलं होतं. कुठलं तरी एक जोडपं पाठीवर पिशव्या टाकून किर्गिझस्तानात हिंडत होतं. कधी घोड्यावर, कधी मालाच्या गाडीत, कधी मेंढपाळांच्या तंबूत मुक्काम. साबियाने ते जोडपं महिनाभर पाहिलं आणि एक दिवस मशीन थांबवून म्हणाली, "आपणही जायचं. असंच. सूटकेस घेऊन नाही, पाठीवर पिशवी टाकून."

इकबाल हसला. पण या खेपेला ते हसणं खरोखर 'हो'चं होतं. लग्न झाल्यापासून या बाईला त्याने महाबळेश्वरापलीकडे काही दाखवलं नव्हतं.

"हजच्या सोडतीत दोनदा अर्ज टाकलाय," ती म्हणाली. "नाव लागेल तेव्हा लागेल. तोवर माझं एवढं करा."

हजच्या अर्जासाठी काढलेल्या पासपोर्टांची मुदत संपत आली होती. जास्मिनने नव्यांचे अर्ज भरून दिले, मग तिकिटं आणि व्हिसा काढायचा होता. सगळं सुरळीत चाललं होतं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस गल्लीत आला आणि तिथून घोटाळा झाला.

गल्लीच्या तोंडाशी बेगमखालांचं बांगड्यांचं दुकान होतं. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना बांगड्यांच्या मापाइतकं ठाऊक असायचं. पोलीस गेल्याबरोबर त्या पदर सावरत आल्या. इकबाल ओट्यावर चहा पीत होता.

"पासपोर्ट! मियाँ-बीवी दोघांचा! उमऱ्याला ना, इकबालभाई?"

हजचे दिवस सोडून वर्षात कधीही मक्केला जाऊन यावं, त्याला उमरा म्हणतात. इकबालच्या वयाचं जोडपं परदेशी निघतंय म्हटल्यावर गल्लीला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. साठीकडे झुकलेला कमानवाला बायकोला घेऊन डोंगरात तंबू ठोकायला चाललाय, हे बेगमखालांना कोणत्या तोंडाने सांगायचं? इकबालच्या तोंडात चहाचा घोट होता. तो हसला.

"मुबारक हो! मुबारक हो!" बेगमखाला म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या शेवटच्या घरालाही ते कळलं होतं.

साबियाला कळलं तेव्हा ती कमालीची चिडली. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो ना."

ते 'सांगतो' रोज एक दिवस पुढे गेलं. तोवर लोक येऊ लागले. यात्रेला निघणाऱ्याने ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागून निघावं आणि मागे राहणाऱ्यांनी ती मोकळ्या मनाने द्यावी, अशी रीत आहे. कोणी मिठाई आणली, कोणी जपाची तस्बीह. चाकणचे कांद्याचे अडते अर्जुनराव गॅरेजवर आले, ते अत्तराची कुपी घेऊनच. "सूनबाईचे दिवस भरत आलेत. दोनदा वाया गेलंय, तुला ठाऊक हाय. तिथं माझ्या नावानं शब्द टाक," म्हणाले. इकबालने कुपी घेतली. ती खिशात दिवसभर खड्यासारखी टोचत राहिली.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी गुलाबभाई आले.

गुलाबभाई म्हणजे इकबालचे थोरले भाऊ. चाकणजवळच्या खराबवाडीत राहायचे, शेळ्या पाळायचे. अम्मा गेल्यापासून त्यांनी इकबालचा उंबरा ओलांडला नव्हता. अम्मा, म्हणजे हाजराबी, शेवटच्या आजारात चिंचवडला इकबालकडे होती आणि तिथेच गेली. गुलाबभाईंना फोन गेला. ते लगोलग निघाले. चाकणच्या चौकातून त्यांनी कळवलं, "अर्ध्या तासात पोचतोय. थांबा." पण शिफ्ट सुटायची वेळ. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, ट्रक, सगळं एकमेकांत अडकलेलं. टेम्पो जागचा हलेना, तसे ते उतरले आणि कुरुळीपर्यंत पायी आले. पुढे कुणाच्या मोटारसायकलवर बसून चिंचवडला पोचले, तेव्हा लोक कब्रस्तानातून हात धुऊन परतत होते. सख्ख्या आईला मूठभर माती द्यायची राहिली. त्या दिवसापासून त्यांनी इकबालचं नाव टाकलं.

आता ते दारात उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी.

"आत ये म्हननार हायस का न्हाई?"

इकबाल दारातून बाजूला झाला. गुलाबभाईंनीच चपला काढल्या, आत आले आणि त्याला मिठीत घेतलं.

"अल्लाच्या घरी चाललायस, इकबाल्या. मनात अढी ठिवून तुला कसा धाडू? जा. माफ केलं. अम्माच्या मातीचं बी माफ केलं."

मग खुर्चीवर टेकून ते हळू आवाजात म्हणाले, "एक काम कर. तुझा उमरा झाला की एक अम्माच्या नावानं कर. लई इच्छा हुती तिची मक्का बघायची. तू केलास म्हंजी मला माती दिल्यावानी वाटंल."

स्वयंपाकघराच्या दारात साबिया उभी होती. ती पुढे आली. "भाईजी, जरा ऐकता का, आम्ही..."

"चहा ठेव," इकबाल मध्येच म्हणाला. "भाई किती दिवसांनी आलेत. आधी चहा ठेव."

साबियाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. गुलाबभाईंनी बशीत ओतून चहा प्यायला. इकबाल त्यांच्या मिशीला लागलेला चहाचा थेंब बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली निरोपाला आली. गळ्यात हार, कपाळाला अत्तर. मोठ्या सुटकेसमध्ये मक्केत नेसायचे इहरामचे पांढरे कपडे असतील असं सगळ्यांनी धरलं होतं. तिच्यात दोन पाठपिशव्या, गुंडाळलेला तंबू आणि कानटोप्या होत्या. पुण्याच्या विमानतळावर सोडायला आलेली जीप परत गेल्यावर इकबालने हार गळ्यातून काढला. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. दिल्लीपर्यंत त्याने तो मांडीवरच ठेवला.

किर्गिझस्तान साबियाने फोनमध्ये पाहिला होता त्याहून मोठा निघाला. आभाळ मोठं, डोंगर मोठे, दोन गावांमधलं अंतर मोठं. बिश्केक शहरात त्यांनी रिकामी सुटकेस टाकून दिली आणि एक जुनी रशियन जीप भाड्याने घेतली. इकबाल चालवायचा आणि साबिया रस्ता सांगायची. पाऊस लागला की गाडीतच झोपायचं, नाहीतर तंबू. रस्त्यात थांबून गोल रोट्या, टरबूज, घोडीचं आंबूस दूध. ते दूध साबियाने नाक दाबून प्यायलं आणि दुसरा वाडगा मागितला. सलवार खोचून ती घोड्यावर बसली आणि कुरणाला फेरी मारून आली. "मुलाणींच्या सुनेला कोणी बघितलं नाही ना?" असं म्हणून इतकी हसली, की घोडेवालाही हसू लागला. मग इकबाल चढला आणि दुसऱ्या बाजूने थेट खाली गेला.

तिचं हसू पाहून त्याला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ गल्ली आठवायची. नमाजाला उभं राहायचं तर इथे किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, वेगळ्या बाजूला. चिंचवडला मावळतीकडे तोंड करायचं, इथे मावळतीपासून बरंच दक्षिणेला वळायचं. प्रत्येक वेळी ते वळणं त्याला जाणवायचं. आपण कुठून निघालो, कुठे जातोय म्हणून सांगितलं आणि कुठे उभे आहोत! बेगमखालांचे निरोप यायचे, "दुआ में याद रखना, भाईजान." ते न ऐकताच तो फोन पालथा घालायचा.

मग एका संध्याकाळी इसिक-कुल नावाच्या अफाट सरोवराकाठी त्यांचा मुक्काम होता. लोकर दाबून केलेल्या नमद्याचे पांढरे गोल तंबू भाड्याने मिळायचे, त्यातल्या एकापुढे दोघं बसले होते. साबियाचा फोन वाजला. पडद्यावर गुलाबभाई. शेजाऱ्याच्या फोनवरून व्हिडिओ लावून मागितला होता. साबियाने फोन इकबालच्या हातात दिला.

"आवाज येतोय का रं?"

"येतोय, भाई."

"कानटोपी कशापायी घातलीस? तिथं तर लई उन्हाळा म्हनत्यात."

इकबालने टोपीला हात लावला. "एसी... एसी फार आहे इथे."

"मागं पांढरं काय दिसतंय? मक्केजवळचे मिनाचे तंबू ना ते? टीव्हीवर बघितलेत मी."

"हं."

"बघ, वळिखलं का न्हाई!" गुलाबभाईंचा चेहरा पडद्यात मावेना. "अम्माचं केलंस का?"

"करतो, भाई."

"कर. मी हितं वाट बघतोय." फोन बंद झाला.

सरोवरावर वारा सुटला होता. साबियाने ओढणी कानाभोवती गुंडाळली.

"आजवर तुम्ही नुसते गप्प बसायचात," ती म्हणाली. "आज बोललात."

ती उठून तंबूत गेली आणि त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दोघं डोंगराच्या वाटेला लागले. चढावर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि खालून ओळखीचा आवाज आला. इकबाल उतरून गाडीखाली शिरला. कमानीचा मुख्य पट्टा मोडला होता. जगाच्या पाठीवर कुठेही जा, तुझं काम तुझ्यामागे येतं, असं एरवी तो हसून म्हणाला असता. त्याने लाकडाचा ठोकळा मिळवला, दोर आवळला आणि बैलगाडीच्या चालीने जीप जवळच्या मेंढपाळाच्या तंबूपर्यंत आणली.

तंबूबाहेर एक म्हातारी कढईत पिठाचे छोटे चौकोनी तुकडे तळत होती. तोंडभर सुरकुत्या, डोक्याला पांढरं फडकं. तिने हातानेच त्यांना बसवलं, चहा दिला. गाडीसाठी गडी खालच्या गावात पाठवला. तळणाचा वास सगळ्या कुरणावर पसरला होता. साबियाने फोनमधल्या भाषांतराला बोलतं केलं आणि विचारलं, "आजी, आज काही सण आहे का?"

म्हातारी फोनमध्ये मोठ्याने बोलली. फोनने अडखळत सांगितलं, की शुक्रवारी असं तळायचं असतं. गेलेल्या माणसांना खाता येत नाही, पण वास पोचतो. आपली आठवण आहे एवढं त्यांना त्यावरून कळतं.

मग तिने इकबालकडे बोट केलं. तुझं कोण गेलंय?

"माझी आई," तो म्हणाला. "हाजराबी."

म्हातारीने झारा बाजूला ठेवला, दोन्ही तळवे वर केले आणि दुआ म्हणायला लागली. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. शेवटी तिने आपल्या माणसांची नावं घेतली आणि त्यांच्या ओळीत "हाजराबी" म्हणाली. इकबाल ढसाढसा रडला. म्हातारीने त्याच्या हातात गरम तुकडा ठेवला आणि ती पुन्हा तळायला लागली.

परत जीपकडे येताना तो म्हणाला, "साबिया, अम्माचं नाव तर घेतलं गेलं. इतक्या लांब, इतक्या चांगल्या माणसाकडून. आता भाईंना मी..."

"भाईजींनी तळणाचा वास मागितला नव्हता," साबिया म्हणाली. "उमरा मागितला होता. सांगणार कधी?"

"घरी गेल्यावर."

"घरी गेलात की परत हसाल. घरी जायच्या आधी."

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमान उतरलं तेव्हा चिंचवडची गल्ली वाट बघत होती. बेगमखालांनी मक्केहून येणाऱ्या जमजमच्या पाण्यासाठी बाटल्यासुद्धा धुऊन ठेवल्याचा निरोप होता. टॅक्सीवाल्याला इकबाल म्हणाला, "चिंचवड नको. चाकण घ्या."

मोशी गेली, कुरुळी गेली. आळंदी फाट्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे नजर पोचेल तिथवर गाड्या.

"किती वेळ लागेल?" साबियाने विचारलं.

"अर्धा तास," टॅक्सीवाला म्हणाला.

इकबालने काच खाली केली. चाकणला अर्धा तास म्हणजे किती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? रोज याच रस्त्याने गॅरेजला जाणारा माणूस तो. अम्माच्या दिवशीही ठाऊक होतं.

"उतरू या," साबिया म्हणाली. "चालत जाऊ."

दोघं पाठीवर पिशव्या टाकून अडकलेल्या गाड्यांच्या कडेने चालू लागले. कंपनीच्या बसमधली पोरं खिडकीतून डोकावली. "काका, ट्रेकला का?" एकाने ओरडून विचारलं. कोणीतरी शिट्टी मारली. धूळ, धूर, उन्हाने तापलेले पत्रे. किर्गिझस्तानच्या चढावर न लागलेली धाप इकबालला इथे सपाटीवर लागली. याच कडेने गुलाबभाई धावत गेले होते, आई मातीआड व्हायच्या आत पोचायला. इतक्या वर्षांत तो या रस्त्याच्या कडेने कधी चाललाच नव्हता.

खराबवाडीत पोचले तेव्हा गुलाबभाई शेळ्यांना पाला घालत होते. या दोघांना पाहून त्यांच्या तोंडावर हसू फुललं आणि मग त्यांची नजर पाठपिशव्यांवर गेली, धुळीने भरलेल्या बुटांवर गेली.

"ह्यो कसला वेश रं?"

"भाई," इकबाल म्हणाला, "मी मक्केला गेलोच नव्हतो."

गुलाबभाईंच्या हातातला पाला तसाच राहिला. एक शेळी मान उंचावून तो ओढू लागली.

इकबालने सगळं सांगितलं. चहाचा घोट, बेगमखाला, डोंगर. बोलताना तो एकदाही हसला नाही.

"आन् ते तंबू?"

"तिथल्या धनगरांचे."

"एसी?"

"थंडी होती, भाई."

गुलाबभाई दगडावर बसले. साबिया म्हणाली, "भाईजी, जायची हौस माझी होती."

"हौसेला कोन काय म्हनतंय, पोरी," ते म्हणाले. "सांगून गेला असता तर मीच भाकरी बांधून दिली असती."

"अजून एक आहे," इकबाल म्हणाला. "अम्माच्या दिवशी जमातीच्या लोकांनी मला विचारलं होतं, थोरला येतोय, थांबायचं का? मी काहीच बोललो नाही. सगळे घाईत होते. त्यांना 'थांबा' म्हणायला मी भ्यालो. त्यांनी माझं गप्प बसणं 'नाही' धरलं आणि उठले. तुम्ही चाकणहून पायी निघाला असाल, हे मला कळायला पाहिजे होतं."

इतकी वर्षं गुलाबभाईंचा राग होता तो धाकटा कमी पडला म्हणून; त्याने तोंडच उघडलं नसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"माफी मी मक्केला जानाऱ्याला दिली हुती," ते अखेर म्हणाले. "तू तर गेलाच न्हाईस."

"व्हय, भाई." कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून गावाकडचा 'व्हय' निघाला.

"साबिया, पानी पी. दमली असशील." त्यांनी तांब्या तिच्याकडे सरकवला. तिने पिऊन तो इकबालला दिला. गुलाबभाईंनी तिकडे पाहिलं नाही. दोघं निघाली तेव्हा मात्र ते पाठमोऱ्यानेच बोलले, "येत्या शुक्कीरवारी चिंचवडला येनार हाय. तुझ्याकडं न्हाई, अम्माकडं. कब्रस्तान काय तुझ्या एकट्याचं न्हाई, माझ्या एकट्याचं बी न्हाई."

गल्लीत त्या रात्री जमजमऐवजी किर्गिझस्तानातून आणलेले सुके जर्दाळू वाटले गेले आणि घरोघरी खरी गोष्ट इकबालने स्वतः जाऊन सांगितली. बेगमखालांनी जर्दाळू घेतले आणि दार लावलं. ओट्यावरची पोरं त्याला 'पहाडी हाजी' म्हणू लागली. तो मान खाली घालून ऐकून घेई. अर्जुनरावांच्या सुनेला मुलगी झाली होती. ते पेढे घेऊन आले, तेव्हा इकबालने पेढा हातात घ्यायच्या आधी सगळं सांगितलं. "माझ्या सुनेसाठी मागितलंस का न्हाई?" त्यांनी विचारलं. रोज मागितलं होतं, इकबालने सांगितलं. "मग खा की गड्या," ते म्हणाले. त्याने खाल्ला.

शुक्रवारी तो कब्रस्तानाच्या फाटकाशी गेला. गुलाबभाई आधीच येऊन अम्माच्या कबरीपाशी उकिडवे बसले होते. समोर फडक्याची पुरचुंडी. खराबवाडीतल्या, अब्बांच्या कबरीजवळची माती त्यांनी आणली होती. तिच्यातली मूठ भरून त्यांनी कबरीवर टाकली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक मुठीला ओठ हलत होते. इकबाल मागे उभा राहिला. पुढे जायचा त्याला धीर झाला नाही आणि जायचा हक्कही वाटला नाही.

फडकं झटकून गुलाबभाई उठले. बाजूने जाताना थांबले.

"साबिया घोड्यावर बसली म्हनं?"

"बसली."

"पडली न्हाई?"

"ती नाही. मी पडलो."

गुलाबभाईंनी मान हलवली. हसले नाहीत. "बराबर हाय," म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

'घरी चला, भाई, चहा तरी' हे शब्द इकबालच्या ओठांवर आले होते. पण ते मागायचा दिवस अजून आला नव्हता. त्याने फक्त विचारलं, "पुढच्या शुक्रवारी येणार?"

"रस्ता मोकळा असंल तर."

"मी थांबतो," इकबाल म्हणाला. "कितीही वेळ लागू द्या. मी इथेच थांबतो."

गुलाबभाई वळले नाहीत. समोरून चाकणची बस येत होती. त्यांनी हात केला आणि ती थांबली.